खेकड्याचा कासरा डोळ्यात

जळकोटच्या ओढ्यातला खेकडा दगडाआडून डोळे वर काढून बघतो, तेव्हा त्या दोन देठांत नुसती नजर नसते. मादीने अंडी कधी धरायची, कात कधी टाकायची, रक्तात साखर किती ठेवायची, याचा बराचसा कारभार तिथूनच चालतो. डोळ्याच्या देठातली एक बारीकशी ग्रंथी सांगत असते, ‘थांब, अजून वेळ आहे.’ मेंदूतून दुसरा निरोप निघतो, ‘आता होऊ दे.’ या ओढाताणीत खेकड्याच्या पुढच्या पिढीचा मुहूर्त ठरतो. आणि ही ओढाताण जगाला उलगडून दाखवणाऱ्यांत आपल्या मराठवाड्यातल्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांचा वाटा फार मोठा आहे. लातूर-नांदेडकडच्या पोरांना ही गोष्ट शाळेतच कळायला हवी, इतकी ती भारी आहे.

आधी खेकडा उलटा धरा

नर की मादी, हे ओळखायला पुस्तक लागत नाही. नांग्यांना बोट लागू न देता खेकडा मागून धरायचा आणि पालथा करायचा. पोटावर दुमडलेली पट्टी अरुंद, टोकाकडे निमुळती असेल तर नर. रुंद, गोलसर, जवळजवळ सगळं पोट झाकणारी असेल तर मादी. ही पट्टी म्हणजे खेकड्याचं शेपूटच, पोटाखाली घडी घालून ठेवलेलं. मादी त्याखाली अंडी सांभाळते.

समुद्रातल्या चिंबोऱ्यांची अंडी फुटली की त्यातून खेकड्यासारखं काहीच निघत नाही. काटेरी टोप्या घातलेल्या बारक्या अळ्या निघतात आणि लाटांवर वाहत जातात. आपल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्याने हा सगळा टप्पा अंड्यातच उरकून टाकलाय. त्याच्या अंड्यातून थेट आठ पाय आणि दोन नांग्यांचा चिमुकला खेकडाच बाहेर येतो आणि काही दिवस आईच्या पोटाखालीच राहतो. म्हणून पावसाळ्यात एखादी मादी उलटी केली की पट्टीखालून डझनांनी पिल्लं वळवळताना दिसतात. अशी मादी सापडली तर तिला परत पाण्यात सोडा, एवढी माझी मनापासून विनंती.

दख्खनच्या या खेकड्याचं शास्त्रीय नाव बॅरिटेल्फ्युसा क्युनिक्युलॅरिस. कर्नल विल्यम साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी दख्खनभर फिरून पक्षी, मासे, किडे, पिकं अशा सगळ्याची नोंद करत असे. त्याने गोळा केलेल्या या खेकड्याचं वर्णन वेस्टवुड या इंग्रज शास्त्रज्ञाने 1836 साली छापलं. पुढची सव्वाशे-दीडशे वर्षं इकडे तो फक्त रश्शात आणि सर्दी-पडशाच्या औषधात होता. मग तो प्रयोगशाळेत गेला.

औरंगाबाद ते न्यू ऑर्लिन्स

मराठवाडा विद्यापीठ 23 ऑगस्ट 1958 रोजी सुरू झालं. 1994 मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ होईपर्यंत जळकोट-उदगीरच्या पोरांच्या डिग्रीवरही औरंगाबादचाच शिक्का असायचा. तिथल्या प्राणिशास्त्र विभागात आर. नागभूषणम हे प्राध्यापक होते. त्यांनी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या तुलेन विद्यापीठात मिल्टन फिंगरमन यांच्यासोबत काम केलं होतं. हे फिंगरमन म्हणजे कवचधारी प्राण्यांच्या संप्रेरकांतलं जगातलं मोठं नाव. नागभूषणम आणि फिंगरमन यांचे एकत्र शोधनिबंध 1960 च्या आसपास छापून आले, आणि 1990 च्या दशकातही येतच होते.

समुद्र नाही, खाडी नाही, मोठं बंदर नाही. अशा औरंगाबादेत कवचधाऱ्यांवर संशोधन करायचं तर प्राणी आणायचा कुठून? ओढ्यातून! ए. डी. दिवाण आणि नागभूषणम यांनी 1974 साली ‘इंडियन जर्नल ऑफ फिशरीज’मध्ये याच खेकड्याचं वर्षभराचं प्रजननचक्र मांडलं: अंडाशय कधी भरतं, कधी रिकामं होतं, त्यातली प्रथिनं आणि चरबी कशी वर-खाली होते. दिवाण पुढे सागरी कोळंबीच्या संशोधनात देशातलं जाणतं नाव झाले. जी. के. कुलकर्णी आणि नागभूषणम यांनी 1980 मध्ये ‘अ‍ॅक्वाकल्चर’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात समुद्रातल्या कोळंबीच्या डोळ्याच्या देठातून अंडाशयाला रोखणारं संप्रेरक कसं काम करतं, ते दाखवलं. कुलकर्णी आणि आणखी एक संशोधक, आर. सरोजिनी, हे दोघंही पुढे फिंगरमन यांच्यासोबत काम करताना दिसतात. 1991 ते 1996 या काळात या मंडळींनी जे प्रयोग केले, ते आजही या विषयावरच्या आढाव्यांत उद्धृत होतात.

डोळा कापला आणि अंडाशय फुगलं

थोडं मागे जाऊ. 1905 साली चार्ल्स झेलेनी यांना दिसलं की डोळ्यांचे देठ काढलेले खेकडे लवकर कात टाकतात. का, ते त्या काळी कुणालाच कळलं नाही. 1930 च्या दशकात स्वीडनच्या बर्टिल हान्स्ट्रॉम यांनी देठाच्या आत चेतापेशींचा एक पुंजका दाखवून दिला. त्याला एक्स-अवयव हे नाव पडलं, आणि अजून तेच चालू आहे. त्या पेशींचे धागे शेजारच्या सायनस ग्रंथीत जाऊन संपतात. माल पेशीत तयार होतो, ग्रंथीत साठतो आणि तिथून रक्तात उतरतो.

मग 1943. महायुद्ध चालू, फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात. अशा दिवसांत पानूझ या फ्रेंच शास्त्रज्ञाने कोळंबीच्या माद्यांचे डोळ्यांचे देठ कापले. विणीचा हंगाम नव्हता, तरी त्यांचं अंडाशय भराभर वाढलं. म्हणजे अंडाशय मुळात वाढायला तयारच बसलेलं होतं, देठातून कुणीतरी त्याला मागे ओढून धरलं होतं. बैल चालता असतो, कासरा ताणलेला असतो, तसंच काहीसं. या कासऱ्याला शास्त्रात जननग्रंथी-रोधक संप्रेरक म्हणतात. सत्तरेक अमिनो आम्लांची ही माळ. तिचीच भावंडं रक्तातली साखर वाढवतात आणि कात टाकणं लांबवतात. एका घराण्यातली ही सगळी संप्रेरकं एकाच देठातून निघतात.

पण कासरा धरतो कोण?

इथे येतात आपल्या ओळखीचे रेणू. सेरोटोनिन. डोपामिन. माणसाच्या मनःस्थितीबद्दल कुठलाही लेख वाचा, ही दोन नावं भेटतातच. खेकड्याच्या मेंदूत असतात ते अगदी हेच रेणू, एका अणूचाही फरक नाही.

1991-92 च्या सुमाराला फिंगरमन यांच्या गटाने आधी फिडलर खेकड्यावर आणि मग लुइझियानाच्या तांबड्या क्रेफिशवर एकच गोष्ट करून बघितली. मादीला सेरोटोनिन टोचलं. अंडाशय वाढलं, अंडपेशी मोठ्या झाल्या. कुलकर्णी, नागभूषणम आणि सहकाऱ्यांचा 1992 चा क्रेफिशवरचा निबंध याच विषयाचा. हा क्रेफिश म्हणजे न्यू ऑर्लिन्समध्ये मसाल्यात उकडून टोपल्यांनी खाल्ला जाणारा प्राणी, त्यामुळे प्रयोगाला माल कमी पडण्याचा प्रश्नच नव्हता.

यापुढचा प्रयोग मला सगळ्यात आवडतो. सरोजिनी, नागभूषणम आणि फिंगरमन यांनी 1995 मध्ये अंडाशयाचे तुकडे काचेच्या बशीत ठेवले आणि वरून सेरोटोनिन घातलं. काहीच झालं नाही. अंडाशय ढिम्म. मग त्याच बशीत क्रेफिशच्या मेंदूचा किंवा छातीतल्या चेतागुच्छाचा तुकडा ठेवला आणि परत सेरोटोनिन घातलं. आता अंडपेशी वाढल्या! सेरोटोनिन अंडाशयाशी थेट बोलत नाही, हे एका बशीत सिद्ध झालं. ते मेंदूला आणि छातीतल्या चेतागुच्छाला उठवतं, तिथून दुसरं संप्रेरक सुटतं, आणि ते अंडाशयाला कामाला लावतं. कसलीही अवजड यंत्रणा नाही. बशी, तुकडे, सूक्ष्मदर्शक आणि नेमका प्रश्न.

छातीतल्या या चेतागुच्छाचा संशय आधीपासून होता. जपानच्या ओत्सु यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यात हा चेतागुच्छ रोवल्यावर अंडाशय वाढतं, हे दाखवलं होतं. भारतात गोमेझ यांनी 1965 मध्ये भातखाचरातल्या खेकड्यात मेंदू रोवून असंच काम केलं. जपानचा खेकडा, भातखाचरातला खेकडा आणि आपला खेकडा, तिघंही गोड्या पाण्यातले.

डोपामिन मात्र उलट दिशेचं. सेरोटोनिनसोबत डोपामिन दिलं की वाढ रोखली जाते, आणि डोपामिनला अडवणारं औषध दिलं की वाढीला वाट मोकळी होते. फिडलर खेकड्यात आणि क्रेफिशमध्ये नरांच्या वृषणांवरही सरोजिनी आणि सहकाऱ्यांना हाच खेळ दिसला. म्हणजे हा मामला फक्त आईचा नाही, बापाचाही आहे.

आणखी एक खेळाडू आहे, आणि त्याचं नाव ऐकून भुवया उंचावतील. एन्केफॅलिन. अफूचा अर्क आपल्या मेंदूत जे दरवाजे उघडतो, त्याच दरवाज्यांची शरीरात तयार होणारी किल्ली म्हणजे एन्केफॅलिन. 1975 मध्ये स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीनमध्ये ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी ती शोधली. पाच अमिनो आम्लांचा इवलासा तुकडा. सरोजिनी आणि मंडळींनी 1995-96 मध्ये दाखवलं की मेथिओनिन एन्केफॅलिन टोचलं की अंडाशयाची वाढ थांबते. नालोक्सोन दिलं की वाढ होते. अफूचा किंवा मॉर्फीनचा डोस जास्त झालेल्या माणसाला दवाखान्यात जे इंजेक्शन देऊन वाचवतात, तेच हे नालोक्सोन. तेच औषध फिडलर खेकड्याच्या मादीत अंडाशयावरचा कासरा सैल करतं!

आणि रंगाचं संप्रेरकही यात हात घालतं. कोळंबीच्या कातडीतला लाल रंग गोळा करून तिला फिकट करणारं एक संप्रेरक असतं. 1972 मध्ये दोघा शास्त्रज्ञांनी त्याची आठ अमिनो आम्लांची रचना उलगडली. पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांतलं रचना कळलेलं हे पहिलंच चेतासंप्रेरक. तेच क्रेफिशच्या मेंदूत निरोप्याचंही काम करतं आणि अंडाशय पिकवायला मदत करतं, हेही सरोजिनी, नागभूषणम आणि फिंगरमन यांनीच 1995 मध्ये सांगितलं.

कात की लेकरं?

खेकड्याचं कवच वाढत नाही. वाढायचं तर जुनं कवच टाकावं लागतं. पण अंडी मादीच्या पोटाखालच्या बारीक पायांच्या केसांना चिकटलेली असतात. कवच टाकलं तर अंडीही गेली. त्यामुळे अंडी पोटाशी असेपर्यंत मादीला कात टाकणं परवडतच नाही. दोन्ही कामांवरचे लगाम एकाच देठात का, याचं उत्तर इथे मिळतं. उन्हाळा, पाण्याची ऊब, दिवसाची लांबी, खाण्याची चंगळ या सगळ्याच्या खबरा आधी चेतासंस्थेकडे जातात आणि तिथून ठरतं की या वेळी शरीरातली शिदोरी कवचावर खर्च करायची की अंड्यांवर.

ही शिदोरी नुसत्या डोळ्यांनीही दिसते. अंडपेशींत बलक भरायला लागला की अंडाशयाचा फिकट रंग पिवळा होत जातो, मग गडद पिवळा, नारिंगी. खेकडा साफ करताना मध्येच पिवळं-नारिंगी भरगच्च असं काही दिसतं, ते पुष्कळदा पिकत आलेलं अंडाशय असतं.

घाईघाईत आणखी काही

डोळ्याचा देठ पार मुळापासून, आतल्या चेतागुच्छासकट गेला, तर काही प्रजातींत त्या जागी डोळा परत येत नाही, मिशी उगवते! जर्मनीच्या कुर्ट हर्ब्स्ट यांनी 1890 च्या दशकात हे पाहिलं.

नर कवचधारी नर कशामुळे होतो? फ्रान्सच्या एलेन शार्निओ-कोतों यांनी 1954 मध्ये किनाऱ्यावर उड्या मारणाऱ्या एका इवल्या कवचधारीत नराची एक ग्रंथी शोधली आणि ती मादीत रोवली. मादी नर व्हायला लागली. या ग्रंथीचं संप्रेरक आपल्या इन्सुलिनच्या गोतावळ्यातलं निघालं. इस्राएलच्या आमिर सागी यांच्या गटाने त्याच्या आधारे जम्बो कोळंबीची फक्त नरांची पिढी काढण्याची रीत बसवली. नर मोठे होतात, भाव जास्त मिळतो.

सॅक्युलिना नावाचा परजीवी समुद्री खेकड्यात शिरतो आणि त्याला आतून पोखरतो. तो नरात शिरला तर नराची पोटपट्टी रुंद होते, आणि तो त्या परजीवीची पिशवी स्वतःच्या अंड्यांसारखी सांभाळायला लागतो. संप्रेरकांवर ताबा मिळवला की काय काय करून घेता येतं, याचं यापेक्षा भयंकर उदाहरण माझ्या माहितीत नाही.

1980 मध्ये हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी लॉब्स्टरला सेरोटोनिन टोचलं. तो नांग्या उंचावून उभा राहिला, जणू आखाड्यात उतरलाय. ऑक्टोपामिन नावाचा दुसरा रेणू टोचल्यावर तोच प्राणी मान खाली घालून पसरला. म्हणजे ज्या रेणूने अंडाशय वाढतं, त्यानेच रुबाबही वाढतो.

आणि 2014 मध्ये बोर्दोच्या शास्त्रज्ञांनी त्याच तांबड्या क्रेफिशला विजेचे सौम्य झटके दिले. नंतर तो उजेडाच्या वाटा टाळून अंधारातच बसायला लागला. त्याच्या मेंदूत सेरोटोनिन वाढलेलं होतं. माणसाला चिंतेवर देतात त्या जातीचं औषध दिल्यावर तो परत उजेडात फिरू लागला. सेरोटोनिन चांगलं की वाईट, असा सरळ हिशोब यात लागत नाही. कुठल्या चेतागुच्छावर, कुठल्या वेळी, किती, यावर सगळं अवलंबून आहे.

आपल्या औषधांचं पाणी

नैराश्यावरच्या फ्लुऑक्सेटिनसारख्या गोळ्या मेंदूत सेरोटोनिनचा मुक्काम वाढवतात. फिंगरमन यांच्या गटाने खेकड्यांवर हेच औषध वापरलं, तेव्हा सेरोटोनिनसारखाच परिणाम दिसला. आता विचार करा, या गोळ्यांचे अंश माणसाच्या शरीरातून सांडपाण्यात जातात आणि सांडपाणी नदीत. 2010 मध्ये पोर्ट्समथ विद्यापीठात छोट्या किनारी कवचधाऱ्यांना फ्लुऑक्सेटिन मिसळलेल्या पाण्यात ठेवलं, तर ते अंधार सोडून उजेडाकडे पाचपट जास्त जायला लागले. उजेडात गेलं की मासा खातो, पक्षी खातो. आपल्या गावांच्या नाल्यांत याची तपासणी हवी, आणि ती लवकर हवी.

एक डोळा, लाखो पिल्लं

पानूझच्या 1943 च्या शोधाचा सगळ्यात मोठा वापर झाला तो हॅचरीत. टायगर किंवा व्हॅनामी कोळंबीची मादी टाकीत सहजासहजी अंडी धरत नाही. म्हणून 1970 च्या दशकापासून जगभर एक रीत रूढ झाली. मादीचा एकच डोळा काढायचा. देठ चिमट्यात दाबून, तापवलेल्या चिमट्याने किंवा दोरा घट्ट बांधून. अर्धा कासरा तुटतो आणि साधारण आठवडाभरात अंडाशय पिकायला लागतं. दुसरा डोळा ठेवतात, कारण दोन्ही गेले तर मादी फार दिवस जगत नाही. 2009 नंतर भारतात व्हॅनामीची शेती परवानगीने सुरू झाली आणि आज देशाच्या सागरी निर्यातीचा मोठा भाग तिचा आहे. पालघरपासून आंध्रापर्यंत तळ्यांत सोडलं जाणारं बीज बहुतेक करून अशाच एकडोळ्या आयांचं असतं.

मला हे टोचतं. मादीला वेदना होते, याच्या खुणा दिसतात. डोळा चिरडल्यावर ती शेपटी झटकते, जखम चोळते, आणि जागा बधिर केली तर हे कमी होतं. 2021 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या जोनाथन बर्च यांच्या गटाने ब्रिटिश सरकारला दिलेल्या अहवालात डोळे काढण्यावर बंदीची शिफारस केली, आणि 2022 च्या ब्रिटिश कायद्याने खेकडे-कोळंबींना संवेदना असलेले प्राणी मानलं.

मग दुसरा मार्ग आहे का? इथेच सेरोटोनिन परत येतं. कोस्टा रिकाच्या वाका आणि अल्फारो यांनी 2000 साली व्हॅनामीला सेरोटोनिन टोचून अंडी घालायला लावली, पण डोळा काढण्याइतका जोर त्यात आला नाही. 2004 मध्ये अल्फारो यांनी सेरोटोनिनच्या जोडीला डोपामिन अडवणारं स्पायपेरोन दिलं. एक रेणू पुढे ढकलणारा, दुसरा मागे ओढणाऱ्याला धरून ठेवणारा. हा विचार थेट 1990 च्या दशकातल्या त्या क्रेफिश-खेकड्यांच्या प्रयोगांतून आलेला आहे. थायलंडमध्ये 2006 मध्ये टायगर कोळंबीतही सेरोटोनिनने अंडाशय पिकतं, हे दिसलं. आणि स्टर्लिंग विद्यापीठाच्या सिमाओ झकारियास यांनी वेगळीच बाजू पुढे आणली. दोन्ही डोळे शाबूत असलेल्या व्हॅनामी माद्यांकडून, खुराक आणि निगा नीट ठेवली तर, पुरेशी अंडी मिळतात, आणि त्यांची पिल्लं रोगाच्या माऱ्यात एकडोळ्या आयांच्या पिल्लांपेक्षा जास्त तग धरतात.

जळकोटशेजारी उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. समुद्रापासून इतक्या लांब मत्स्यविज्ञान कशाला, असं विचारणाऱ्यांना औरंगाबादच्या त्या ओढ्यातल्या खेकड्यांची गोष्ट सांगावी. तिरू नदीत आणि बालाघाटच्या ओढ्यांत जो खेकडा सापडतो, त्याचं वर्षभराचं चक्र 1974 पासून छापून तयार आहे. त्याच्या मादीला सेरोटोनिन किती, स्पायपेरोन किती, कुठल्या महिन्यात द्यायचं, नालोक्सोनने काही जास्त साधतं का, हे सगळं करून बघायला समुद्र लागत नाही. बशी, सूक्ष्मदर्शक, ओढ्यातले थोडे खेकडे आणि त्यांना परत सोडायची तयारी एवढं पुरेसं आहे.